खिर्ब्याचं शून्य

अस्मर आमेदीला डोळे मिटून शेळीचं हाड आणि मेंढीचं हाड वेगळं सांगता यायचं. यात काही विशेष आहे असं तिला स्वतःला वाटत नसे. एन खारूवच्या वस्तीतली सगळीच पोरं घोट्याच्या हाडांनी खेळत वाढली होती. पाच हाडं उडवायची आणि पंजाच्या पाठीवर झेलायची. शेळीचं हाड कडेला टोचतं, मेंढीचं गोलसर लागतं. हे ज्याला कळत नाही तो डाव हरतो, एवढंच.

जेरुसलेमच्या विद्यापीठात मात्र याच गोष्टीवर माणसं वर्षानुवर्षं अभ्यास करत होती आणि तरी चुकत होती. अस्मर चोविसाव्या वर्षी तिथे फरशी पुसायला लागली. तळमजल्यावर उत्खननांत निघालेली हाडं तपासायची एक लांबलचक खोली होती. एका सकाळी पुसता पुसता ती टेबलापाशी थांबली.

"बाई, कशाला हात लावू नकोस," पलीकडून प्रोफेसर वाइल म्हणाले.

"हात नाही लावला. पण हे तुम्ही शेळ्यांत ठेवलंय. मेंढी आहे ती."

"कशावरून?"

"कशावरून म्हणजे? बघा ना."

वाइलांनी तिला बादली बाजूला ठेवायला लावली, डोळे मिटायला लावले आणि एकामागून एक पंचवीस हाडं तिच्या हातात दिली. चोवीस तिनं बरोबर सांगितली. पंचविसावं बराच वेळ चाचपून म्हणाली, "हे मला नाही माहीत. पण हे गोठ्यातलं जनावर नाही." ते हरणाचं होतं. पुढच्या महिन्यापासून फरशी पुसायला दुसरी बाई आली.

त्यानंतरची अठरा वर्षं अस्मरनं हाडंच धुतली, वाळवली, वेगळी केली, त्यांच्यावर बारीक निबनं आकडे घातले. जुनं हाड ओळखायचं तर शेजारी ठेवायला आजच्या जनावराचं हाड लागतं, म्हणून मेलेली जनावरं यायची: गाढव, कोल्हा, तरस, एकदा तर बगळा. मागच्या अंगणात मोठ्या पातेल्यात ती उकळायची, मांस सुटेपर्यंत. डुकरं उत्तरेकडच्या एका किबुत्झमधून, म्हणजे सामुदायिक शेतवस्तीतून यायची. पहिलं डुक्कर आलं तेव्हा तिनं वस्तीतल्या रब्बींना विचारलं. ते म्हणाले, खायचं नाही हा नियम, हात लावायचा नाही असा नाही. हात धू आणि घरी ये. तेव्हापासून ती कोपरापर्यंत तीनदा हात धुवायची आणि मगच बस पकडायची.

वस्तीत सगळ्यांना हे ठाऊक होतं. शेजारची नझीमा कुंपणावरून विचारायची, "काय गं, आज कुणाचं सूप?"

"कोल्ह्याचं. पाठवू वाटीभर?"

"नको बाई. तू त्या हाडांशीच लग्न लावून टाक. निदान ती पळून तरी जायची नाहीत."

यावर अस्मर हसायची. तिचा बाप हसत नसे. शब्ताई आमेदी ओट्यावर बसून चहाचा ग्लास हातात घोळवत नझीमाला ऐकू जाईल असं म्हणायचा, "माझ्या पोरीच्या हाताला लागलेलं पाण्यानं जातं. काहींच्या जिभेला लागलेलं कशानं जायचं?" आणि तिनं केलेले आंबट रश्श्यातले खिम्याचे कुब्बे तो सगळ्यांच्या देखत, दुसऱ्यांदा मागून खायचा. आई लवकर गेली होती. घरात दोघंच होते.

वस्तीच्या डोक्यावर खिर्ब्याची, म्हणजे उजाड जागेची, टेकडी. वर पडक्या घरांचं एक अरब गाव आहे. ते अठ्ठेचाळीसच्या लढाईत रिकामं झालं. त्याची अंजिरं वस्तीतली पोरं खातात, बाकी त्याच्याबद्दल कुणी बोलत नाही. त्या घरांखाली चौदाशे वर्षांपूर्वीचा ख्रिस्ती मठ आहे, आणि त्याच्याही खाली, खडकाला लागून, तीन हजार वर्षांहून जुनी सहा-सात घरं. ओबडधोबड दगडाची, चार खणांची. अठ्ठावन्न साली तिथे उत्खनन सुरू झालं. कुर्दिस्तानातून आलेल्या नव्या ज्यू लोकांच्या हाताला काम हवं होतं, म्हणून सरकारनं त्यांना खणायला लावलं. शब्ताई चाळणीवर होता. टायरच्या रबराच्या टोपल्यांतून माती यायची, तो ती चाळायचा. खापरं एकीकडे, हाडं एकीकडे. तेव्हाचे प्रमुख एक जर्मन गृहस्थ होते. त्यांना हाडांत रस नव्हता. पण त्यांच्या हाताखाली वाइल नावाचा एक तरुण विद्यार्थी होता, त्यानं हट्टानं सगळी हाडं खोक्यांत भरून ठेवायला लावली. तोच पुढे प्रोफेसर झाला. "शब्ताईच्या चाळणीतून उंदराचा दात सुटत नसे," असं ते अजूनही वर्गात सांगायचे.

ही खोकी वीस वर्षं तशीच पडून होती. एकोणऐंशी साली ती उघडली अस्मरनं. खालच्या जुन्या घरांतले दोन हजार एकशे चौदा तुकडे असे निघाले, की जे कुठल्या जनावराचे हे सांगता येत होतं. शेळ्या, मेंढ्या, बैल, थोडी गाढवं, थोडी हरणं. डुकराच्या रकान्यात काही पडेना. तिनं तीनदा मोजलं. तिन्ही वेळा शून्य.

त्या शून्यावर वाइलांनी अख्खं पुस्तक उभं केलं. त्यांचं म्हणणं साधं होतं: टेकड्यांवर राहायला आलेले हे लोक बाहेरून आले, आपला देव आणि आपले नियम बरोबर घेऊन आले. पहिल्या दिवसापासून ते डुक्कर खात नव्हते. म्हणजे हेच इस्राएल, आपले पूर्वज. पुस्तकानंतर टेकडीवर पाटी लागली. शाळांच्या सहली येऊ लागल्या. सहल आली की वस्तीच्या कार्यालयातून शब्ताईला निरोप यायचा, आणि तो स्वच्छ सदरा घालून पोरांना सांगायला जायचा की हे घर मी माझ्या हातांनी चाळलंय.

डॉक्टर तामार रोझिन विभागात आली आणि चहाच्या वेळी भांडणं सुरू झाली. ती वाइलांचीच विद्यार्थिनी, पण त्यांचं एक अक्षर तिला पटत नसे.

"शेळ्यांच्या मुलखात डुक्कर पाळणार कोण, प्रोफेसर?" ती म्हणायची. "त्याला पाणी लागतं, चिखल लागतो, सावली लागते. तुमच्या टेकडीवर पाणी कुठाय? हा धर्म नाही, हवामान आहे."

"हवामानानं शंभरातली नव्याण्णव डुकरं जातील, तामार. शंभरावं घालवायला देव लागतो. बाकी कुठल्याही टेकडीवर दोन-चार तरी हाडं निघतात. माझ्याकडे एकही नाही."

"तुमच्याकडे नाही, म्हणजे अस्मरच्या मोजणीत नाही." तामार तिच्याकडे वळायची. "सांगा हो अस्मर, खरंच काही नव्हतं? की प्रोफेसरांना वाईट वाटेल म्हणून खिशात घातलंत?"

"माझ्या झग्याला खिसाच नाही," अस्मर म्हणायची, आणि तिघंही हसायची.

तिला तो वाद पुरता कळायचा. तिचं मत कुणी विचारत नसे आणि तिलाही ते सांगावंसं वाटत नसे. पण शून्य तिचं होतं. परदेशातल्या पुस्तकांत, तिला न वाचता येणाऱ्या भाषांत, तक्त्याच्या एका चौकटीत ते छापलेलं तिनं पाहिलं होतं. बापाची चाळणी आणि आपली मोजणी त्या एका चौकटीत आहे, याचा तिला जो अभिमान होता तो तिनं कुणाला बोलून दाखवला नव्हता.

चौऱ्याण्णव सालच्या वसंतात, वल्हांडण सणाच्या आदल्या आठवड्यात, दोघं घर साफ करत होती. खमिराचा कण घरात राहू द्यायचा नाही, म्हणून कपाटं अंगणात आणलेली, गाद्या उन्हात टाकलेल्या. खिडकीत रेडिओ चालू होता. त्यावर वाइल आणि तामार होते.

"म्हणजे धर्मग्रंथात लिहिलंय तसे आपण मिसरातून आलोच नाही का?" मुलाखत घेणारा विचारत होता.

"थोडेफार कुणी आलेही असतील," तामारचा आवाज आला. "पण बहुतेक इथलेच. खालच्या मैदानातली कनानी शहरं कोसळली, माणसं डोंगरात चढली, शेळ्या पाळू लागली. आपली गोष्ट त्यांनी पुढे काही शतकांनी रचली. देवसुद्धा त्यांना हळूहळूच सापडला."

"ऐक, ऐक!" शब्ताईनं गादीवर काठी हाणली. "म्हणे कनानी! हिचा बाप कनानी!"

"बाबा, ती चांगली आहे हो."

"चांगली असेल. अक्कल नाही."

मग वाइल बोलू लागले. त्यांनी खिर्ब्याचं नाव घेतलं. दोन हजार एकशे चौदा हाडं, ते म्हणाले, आणि डुकराचं एकही सापडलं नाही. तामारताईंनी याचं उत्तर द्यावं.

शब्ताई खो खो हसायला लागला. काठीवर रेलून हसला, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "कसं सापडेल? मी होतो ना तिथे!"

"म्हणजे?"

"म्हणजे काय म्हणजे! मी काढून टाकली."

अस्मर बरणी पुसत होती. ती पुसतच राहिली. "काय काढून टाकलं, बाबा?"

"अगं, तेच. घाण." म्हातारा रंगात आला होता. "पहिल्या दिवशी त्या जर्मनानं आम्हाला ओळीनं उभं केलं. तुझा वाइल तेव्हा पोरगेलासा, तो त्याचं बोलणं आम्हाला अरबीत सांगायचा. म्हणाला, भावांनो, तुम्ही कुणा परक्याचं शेत खणत नाही. हे तुमच्या बापजाद्यांचं घर आहे. मिसरातून सुटल्यावर त्यांनी बांधलेलं पहिलं घर. आमचा मुर्दखाय तर रडायलाच लागला. आणि दुसऱ्या आठवड्यात माझ्या चाळणीत जबडा आला. मी लगेच ओळखला. आमच्याकडे डोंगरातले ख्रिस्ती रानडुकरं मारायचे, मी खेचर घेऊन त्यांच्या गावांतून फिरलेला माणूस. म्हटलं, देवा, हे? यांच्या घरात? आता तूच सांग, बापाच्या घरात असं काही निघालं तर माणूस चारचौघांना बोलावून दाखवतो का? घातला बंडीत."

"किती वेळा?"

"तीन उन्हाळे."

"आणि कुत्र्याचे दात?"

"आता ते मला काय ठाऊक? सुळा दिसला की उचलला. टोपल्यांवर टोपल्या येत होत्या, निरखत बसायला वेळ कुणाला होता?"

अस्मरनं बरणी खाली ठेवली. कुत्र्याची हाडं खिर्ब्याच्या खोक्यांत होती. फासळ्या, मणके, पायाची हाडं, सगळं. सुळा मात्र एकही नव्हता. सुळा हा सगळ्या सांगाड्यात टणक, तो आधी टिकतो. पंधरा वर्षं तिला हे खटकत होतं. मातीचा गुण असेल, असं वाइल म्हणाले होते आणि तिनं मान डोलावली होती.

"फेकलीत कुठे?"

"फेकीन कशी? पुढच्या पावसात वर आली असती. तेलाच्या डब्यात भरली. मठाच्या घाण्याचा मोठा दगड आहे ना, त्याच्या मागच्या भेगेत. वर धोंडा." त्यानं पुन्हा काठी उचलली. "एवढं घर साफ करायचं म्हणून तू दमतेस. मी तीन हजार वर्षांचं घर साफ केलंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती टेकडीवर गेली. धोंडा तिला एकटीला हलेना. शेवटी एका लोखंडी गजानं तिनं तो सरकवला. डबा गंजून कागदासारखा झाला होता. तिनं डोक्याचा रुमाल पसरला आणि हाडं त्यावर ओतली. वेगळी करायला तिला वेळ लागला नाही. त्रेसष्ट तुकडे. एकोणीस कुत्र्याचे. चव्वेचाळीस डुकराचे, त्यांत एक पिलाचा जबडा, दाढा अजून हाडातच असलेला.

जबडा कुठल्या थरातला, हे मात्र तिला सांगता येईना. कुणालाच सांगता आलं नसतं. हाडाबरोबर चिठ्ठी लागते: कुठला खड्डा, किती खोल, कुठला दिवस. चिठ्ठीशिवाय ते नुसतं हाड असतं. मठातले साधू डुक्कर खायचे, हे सगळ्यांना माहीत होतं, आणि मठाची मातीही त्याच चाळणीतून गेली होती, फक्त तिच्यातली हाडं कुणी मोजली नव्हती.

ती बराच वेळ तिथे बसून राहिली. डबा परत भेगेत ठेवला असता तर तिच्या आणि म्हाताऱ्याच्या पलीकडे कुणाला काही कळलं नसतं. म्हातारा सत्तरीचा होता. त्याच्यामागे ती एकटीच राहिली असती, आणि तिला गप्प राहणं कठीण नव्हतं. सांगितलं तर बापाचं नाव जाणार, हे तिला दिसत होतं. पण त्या चौकटीतलं शून्य तिनं स्वतः मोजलं होतं. आता ते खोटं आहे हे ठाऊक असताना रोज त्याच टेबलावर बसून दुसरी हाडं मोजायची कशी, हे काही तिला सुचेना. तिनं रुमालाला गाठ मारली आणि घरी न जाता बसथांब्यावर गेली.

वाइलांनी रुमाल उघडला आणि चष्मा काढला. सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी पहिला प्रश्न केला, "हे आणखी कुणी पाहिलंय?"

"नाही."

"मग परत ठेवून ये."

अस्मरनं कुत्र्याचे सुळे वेगळे काढून टेबलावर मांडले.

"शब्ताई म्हातारा झालाय. म्हातारी माणसं गोष्टी रचतात. आणि हे बाहेर गेलं तर त्याचं काय होईल, विचार केलास? लोक त्याला लबाड म्हणतील. पस्तीस वर्षं सबंध देशाला फसवलं म्हणतील."

"कुत्र्याचे सुळे त्यांनी रचलेले नाहीत, प्रोफेसर. ते हे इथे आहेत."

"अस्मर, माझं सगळं काम..."

"मोजलं मी होतं."

वाइल उठले, खिडकीशी गेले. "त्यानं असं का केलं असेल? इतका प्रामाणिक माणूस."

"तुम्हीच सांगितलं होतंत त्यांना," अस्मर म्हणाली. "पहिल्या दिवशी. अरबीत. हे तुमच्या बापजाद्यांचं घर आहे म्हणून."

तिला टोमणा मारायचा नव्हता. पण वाइल तिच्याकडे असे बघत राहिले की तिनंच मान खाली घातली. ते तासभर त्या टेबलाशी बसले, एकेक तुकडा उचलून परत ठेवत. मग त्यांनी स्वतःच फोन उचलला आणि तामारला खाली बोलावलं.

तामार खूश होईल असं अस्मरला वाटलं होतं. ती झाली नाही. तिनं पिलाचा जबडा हातात घेतला, फिरवला, आणि खुर्चीत बसली. "थर नाही, तारीख नाही. याचा मला काय उपयोग? घरांतलं निघालं असेल तर प्रोफेसर चुकले. मठातलं असेल तर प्रोफेसर बरोबर. आणि कुठलं ते सांगायला..." तिनं जबडा परत रुमालावर ठेवला.

डुकराचे पाच तुकडे परदेशी प्रयोगशाळेत पाठवले. हाडातलं मूळ द्रव्य शिल्लक असेल तर वय काढता येतं. उत्तर यायला पाच महिने लागले. तीन तुकड्यांत काहीच उरलेलं नव्हतं. दोन निघाले मठाच्या काळातले.

"आणि बाकीची एकोणचाळीस?" अस्मरनं विचारलं.

"याच मातीतली आहेत ती. बहुतेक अशीच पोकळ निघतील," तामार म्हणाली. "कदाचित सगळीच मठातली असतील. कदाचित तुमच्या बाबांनी साधूंचं उष्टं साफ केलं असेल, आणि खालची घरं खरोखरच स्वच्छ असतील. पण आता ते कुणी सिद्ध करू शकत नाही. त्यांनी हात लावला नसता तर कळलं असतं."

वाइलांनी पुस्तकाच्या नव्या आवृत्तीत खिर्ब्याचा सगळा तक्ता काढून टाकला. खाली एक टीप घातली: उत्खननाच्या वेळी एका मजुराने हाडांची निवड केल्याचे उघड झाल्यामुळे येथील मोजणी ग्राह्य धरलेली नाही. टेकडीवरची पाटी त्याआधीच कुणीतरी उतरवून नेली होती.

बातमी वस्तीत पसरायला एक शनिवार पुरला. सिनेगॉगमध्ये प्रार्थनेनंतर काहींनी म्हाताऱ्याची पाठ थोपटली. काही म्हणाले, शब्ताई, तुझ्यामुळे आता ते विद्यापीठवाले छातीठोकपणे म्हणणार, आपण कनानी. सहली यायच्या बंद झाल्या. शब्ताईला यातल्या कशाचंच फारसं वाटलं नाही. टीप मात्र त्यानं अस्मरकडून दोनदा वाचून घेतली.

"एक मजूर म्हणजे कोण? मला नाव नाही? लिहायचं तर शब्ताई आमेदी लिहा म्हणावं. मी काही चोरी नाही केली."

"तुम्हाला त्रास नको म्हणून मीच त्यांना सांगितलं, बाबा. नाव घालू नका म्हणून."

"तू सांगितलंस." त्यानं पुस्तक तिच्या हातातून काढून मिटलं. "अजून काय काय सांगितलंस? मी ते उचलून बाहेर टाकलं. कुणाला कळू न देता, तीन वर्षं. आणि तू धोंडा उचकटून ते परत आणलंस, वर आकडे घातलेस, खोक्यात ठेवलंस. खिर्बा म्हणून चिठ्ठी लावलीस त्यावर. आता ते कायम त्यांच्या घरातलं झालं."

"बाबा, ते खरोखर तिथलं असेल किंवा नसेल. ते आपल्याला..."

"मी आईबापाची लाज झाकली. तू ती बाजारात मांडलीस."

त्या दिवशी अस्मरनं कुब्बे केले होते. शब्ताईनं ताट पुढे सरकवलं. भूक नाही, म्हणाला. दुसऱ्या दिवशीही नाही म्हणाला. तिसऱ्या दिवशी तिला दिसलं, की तो नझीमाच्या ओट्यावर बसून नझीमाचं जेवण जेवतोय. नझीमा कुंपणापाशी आली. पहिल्यांदाच तिच्या तोंडात थट्टा नव्हती.

"अगं, मी नको म्हटलं. म्हटलं, पोरगी वाट बघत असेल. तर म्हणतो, तिच्या हातचं नको."

"हातचं?"

"तेच म्हणाला. त्या हातांचं नको."

अठरा वर्षं त्याच हातांचं त्यानं मागून खाल्लं होतं. अस्मर आत गेली आणि भांडी धुवायला लागली. त्या दिवसापासून ती सकाळी एकाच माणसाचा स्वयंपाक करायची आणि कणीक, साखर, डाळ नझीमाकडे पोचवायची. शब्ताई त्याबद्दल कधी बोलला नाही. एकाच घरात दोघं राहत होती. दार लाव, दिवा मालव, औषध घेतलं का, एवढंच बोलणं.

त्याच हिवाळ्यात त्याच्या छातीत कफ झाला. जेरुसलेमच्या इस्पितळात नवव्या दिवशी डॉक्टर म्हणाले की आता जे बोलायचं ते बोलून घ्या. दुपारची वेळ होती. अस्मर चमच्यानं पाणी देत होती आणि तो ओठ उघडत नव्हता. मग त्यानं डोळे उघडले आणि कितीतरी दिवसांनी तिच्याकडे नीट पाहिलं.

"अस्मर."

"काय बाबा?"

"ते घर. आपलंच होतं ना?"

तिला कळलं की एक शब्द पुरेसा आहे. तो एक शब्द तिनं तोंडापर्यंत आणला. पलीकडच्या खाटेवरचा माणूस खोकत होता, त्याची बायको कुणाला तरी हाका मारत होती. शब्ताई वाट बघत होता, आणि त्याची नजर तशी होती जशी डाव टाकल्यावर पोरांची असते, हाडं वर असेपर्यंत.

"माहीत नाही, बाबा," ती म्हणाली.

"एवढी वर्षं हाडं मोजलीस."

"हो. पण माहीत नाही."

 मग त्यानं भिंतीकडे तोंड फिरवलं. तिनं चमचा पुन्हा ओठांशी नेला. पाणी हनुवटीवरून उशीवर ओघळलं. ती पुसत बसली. दुसऱ्या दिवशी पहाटे तो गेला.

दफनाच्या वेळी वस्तीचा सचिव बोलला. शब्ताई आमेदीनं रस्ता बांधला, द्राक्षमळा लावला, सिनेगॉगच्या छपराला हात दिला, सगळं बोलला. टेकडीवरच्या तीन उन्हाळ्यांचं नाव त्यानं घेतलं नाही. सुतकाचे सात दिवस लोक येऊन बसले, ताटं आणली, निघून गेले. नझीमानं सातही दिवस चूल तिच्या हाती दिली नाही.

आठव्या दिवशी अस्मर कामावर गेली. खिर्ब्याची खोकी खालच्या कोठारात हलवायची होती. वरची जागा दुसऱ्या उत्खननाला हवी होती. वाइल म्हणाले, हे दुसरं कुणी करील, तू बस. ती म्हणाली, मीच करते. बत्तीस खोकी तिनं ढकलगाडीवरून चार फेऱ्यांत खाली नेली. दुपारी नवीन टेकडीवरून आलेली पहिली पिशवी तिनं टेबलावर ओतली. तिसरा तुकडा डुकराचा होता. तिनं चिठ्ठी पाहिली, खड्ड्याचा आकडा दोनदा वाचला, आणि तो त्याच्या रकान्यात लिहिला.